अठरा-एकोणीसचा पाना

मल्लू मिस्त्रीनं आयुष्यात मला तीन वेळा मारलं. त्यातल्या दोन वेळा माझी काहीच चूक नव्हती. तिसऱ्या वेळी होती, पण ती मी अजून घरी सांगितलेली नाही. इथं लिहून टाकतो, म्हणजे घरच्यांच्या कधीच वाचण्यात येणार नाही.

अक्कलकोट रोडला, कुंभारीच्या अलीकडं, त्याचं गॅरेज आणि माझं सीट-कव्हरचं दुकान एकाच भिंतीला पाठ टेकून उभं होतं. भिंत एका विटेची. पलीकडं मिस्त्रीनं पाना फेकला की माझ्याकडची रेग्झिनची गुंडाळी आपोआप उलगडायची. पंधरा वर्षांत मी भिंतीवर एक कॅलेंडर टिकवू शकलो नाही. गणपतीचा फोटो तर स्वतःहून खाली उतरून कपाटात जाऊन बसला होता, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. त्यांनी ती भिंत बघितलेली नाही.

माणूस उंचीनं माझ्या खांद्याला लागायचा. पण मनगट असं, की त्यावर घड्याळाचा पट्टा पुरायचा नाही. मीच त्याला सीटच्या रेग्झिनचा पट्टा शिवून दिला होता. मिशी वरच्या ओठावर बसलेल्या कावळ्यासारखी. आणि आवाज? रस्त्यावरून कर्णा वाजवत जाणारे ट्रक त्याच्या गॅरेजसमोर आले की गप्प व्हायचे.

त्याच्या गॅरेजात एक फळी होती. त्या फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची पिवळी सावली रंगवलेली. पाना काढला की सावली दिसायची, आणि कुठला पाना हवेत आहे ते सगळ्यांना कळायचं. कारण मिस्त्रीचा राग पान्याच्या नंबरावर चालायचा; नंबर मोठा तेवढा पाना जड. दहा-अकराचा फेकला म्हणजे लाड. बारा-तेराचा म्हणजे समज दिली. सोळा-सतराचा म्हणजे आता गिऱ्हाइकानं गाडी इथंच ठेवून बसनं घरी जावं. अठरा-एकोणीसचा मी तोवर उडताना पाहिला नव्हता. तीस-बत्तीसचा एकदाच निघाला, तो एका म्हशीवर. तिनं त्याच्या चहाच्या कपात तोंड घातलं होतं. म्हैस वाचली, पण त्यानंतर म्हणे ती दूध द्यायची ते थेट चहाच्याच रंगाचं.

एकदा जॅक घसरून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर गाडी बसली. दुसरा कोणी दवाखान्यात गेला असता. यानं आधी गाडी हातानं उचलली, मग जॅकला दोरी बांधली आणि समोरच्या लिंबाला तीन दिवस फाशी दिली. "बघू दे बाकीच्या हत्यारांनी," म्हणाला. चौथ्या दिवशी उतरवला. तो जॅक पुन्हा कधी घसरला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शपथ कशाची ते विचारू नका.

पण गॅरेजात त्याचा एकच कायदा होता. गिऱ्हाइकानं रोगाचं नाव घ्यायचं नाही.

"कुटं दुकतंय तेवडं सांग. काय झालंय ते मी सांगणार. तू डाक्टर हाईस का? मग? नाव ठिवलं की डोळं मिटलं. येकदा म्हनलं क्लच गेलाय, की मानसाला क्लचच दिसतो. चाक निकळून पडलं तरी दिसत न्हाय."

बार्शीचा एक धान्याचा अडत्या आला होता. गाडी गरम होतेय म्हणाला, इथवर ठीक. पुढं म्हणाला, "मी मोबाईलवर बघितलंय, याचं गॅस्केट गेलंय." मिस्त्रीनं अगदी प्रेमानं हात पुढं केला. "कुटं बगू?" अडत्यानं मोबाईल दिला. मिस्त्रीनं तो लोखंड आवळायच्या शिकंज्यात धरला आणि दांडा फिरवला. एक फेरी. कर्र. दोन फेऱ्या. काच उडाली. अडत्या किंचाळला तेव्हा मिस्त्री त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता इचार त्याला, तुजं काय गेलंय." अडत्यानं मिस्त्रीचा गळा धरला म्हणून त्याला उचलून टायरच्या थप्पीत उलटा खोचला. नुसते पाय दिसत होते. त्या गाडीचा पंख्याचा पट्टा तुटला होता, एवढंच. अडत्या पुढं दर सहा महिन्यांनी बार्शीहून खास याच्याकडंच यायचा. दारातूनच ओरडायचा, "मिस्त्री, मी काय बोलत न्हाय!"

असल्या माणसाला आवरणारी दोन माणसं होती.

एक त्याची बायको गंगाक्का. अक्कलकोटच्या खालच्या अंगाची, घरात कानडी. ती गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांतून कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी घेऊन यायची. मिस्त्री कुणाच्या छाताडावर बसलेला असला तर ती लांबूनच म्हणायची, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. तेवढ्यावर तो उठायचा. एकदा तिनं म्हटलेलं ऐकू गेलं नाही म्हणून तिनं कडक भाकरी भिरकावली होती. त्याच्या कानशिलावर अजून वण आहे. लोकांना वाटतं पान्याचा.

दुसरा रशीदभाई वेल्डर. उंच, वाळका, बोलायला महाग. गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यात त्याच्या गॅसच्या टाक्या, जाळ फेकणारी नळी म्हणजे टॉर्च, काळा चष्मा आणि स्टूल. मल्लू आणि तो बावीस वर्षं एकत्र. भांडण झालं, गावगुंड आले, तर दोघं पाठीला पाठ लावून उभे राहायचे. मल्लू पुढचं बघायचा आणि रशीदभाई मागचं. त्याचा कान असा, की डोळे मिटून बसलेला असताना मिस्त्रीनं पाना फरशीवर टाकला तरी म्हणायचा, "बारा-तेरा. वो बी घिसेला." मी स्वतः पैज लावून हरलो आहे. आणि त्याचा जोड! लोखंडाला लोखंड लावून तो सांधा असा बुजवायचा की बोट फिरवलं तरी लागायचा नाही. मिस्त्री सगळ्या सोलापूरला शिव्या द्यायचा, पण रशीदभाईच्या जोडाला त्यानं बावीस वर्षांत एक शिवी दिली नव्हती. मिस्त्रीकडून मिळणारं ते एकच बक्षीस होतं.

आता रणजित. हा टेंभुर्णीच्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याचा पोरगा, वय सव्वीस. मान अशी की डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं वाटायचं. त्याची डिझेल गाडी मल्लू आणि रशीदभाईंनी मिळून वाढवली होती. वाढवली म्हणजे अशी: टर्बो हा एक पंखा असतो, धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. कंपनीनं दिलेला काढून त्या जागी दुप्पट मोठा बसवला. हवा गार करायला पुढं आणखी एक छोटा रेडिएटर बसवला. तिथून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप रशीदभाईनं जोडले. आणि हवा ओढायची नळी, जिला मिस्त्री "नरडं" म्हणायचा, ती थेट समोरच्या लोखंडी जाळीच्या मागं आणून ठेवली. उघडं तोंड. "गार हवा खाऊ दे तिला," म्हणाला. गाडी सुटली की टेंभुर्णीच्या चौकात लोक आधी आवाज ऐकायचे आणि गाडी दुसऱ्या दिवशी बघायचे.

महिन्याभरानं रणजित आला, तो शिव्या देतच उतरला.

"मिस्त्री, गाडी बसतीया! चौथ्या गेरला पाय दाबला की जीव सोडतीया. काळा धूर. पाय काडला की परत ठीक. काल बार्शीच्या पोरानं मला हायवेला मागं टाकलं. मला! आख्खं हॉटेल हसतंय."

"बरं. आनि?"

"आनि काय, ते रशीदचं वेल्डिंग सुटलंय. हवा गळतीया."

बारा-तेराचा सुटला. रणजितनं मान वाकवली, पाना मागच्या हॉर्नच्या खोक्यात घुसला आणि सतरा हॉर्न एकदम वाजले. मिस्त्री ओरडला, "रोगाचं नाव घिऊ नको म्हनलं न्हवं?" रणजितच्या शर्टाची कॉलर त्याच्या हातात आली, शर्ट रणजितच्या अंगावर राहिला. मग दोघं गाडी घेऊन फिरायला गेले.

परत आले तेव्हा मिस्त्रीचा चेहरा पडला होता. मी माझ्या उंबऱ्यातून बघत होतो. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळते. टर्बो तर फिरतोय. मग कोंबलेली हवा जाते कुठं? वाटेत गळते. वाटेत काय आहे? रशीदचे जोड. बावीस वर्षं दुसऱ्यांना जे करू दिलं नाही तेच त्यानं केलं. रोगाचं नाव कानात शिरलं होतं, आता ते तोंडातून निघालं.

"रशीद, जोड फुटलाय तुजा."

रशीदभाईनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "मेरा जोड फटता नहीं, मल्लू."

"फुटलाय म्हनतोय न्हवं."

"देखा क्या तू? हात लगाया? के इस छोकरे के मूं से बोल रहा?"

रणजित मागून हसला. तेवढ्या हसण्यानं सगळं बिघडलं. मिस्त्रीचा हात फळीकडं गेला. मी सावली बघितली, अठरा-एकोणीसची. तोंडातून "अहो" निघेपर्यंत पाना रशीदभाईच्या भुवईवर बसला होता.

इथं मी काही वाढवून सांगत नाही. रक्त भसकन आलं, डोळ्यात गेलं, दाढीतून खाली शर्टावर. गंगाक्का मागच्या दारात उभी राहिली, पण तिच्या तोंडून साकुसुद्धा निघालं नाही. पुरे म्हणायची वेळ होऊन गेली होती.

रशीदभाई वाकला, पाना उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि फळीवर जाऊन त्याच्या सावलीत बरोबर अडकवला. मग म्हणाला, "फटेला जोड दिखा मेरे कू. दिखाया तो ये हात फिर टॉर्च नहीं पकडेगा. नहीं दिखा सका, तो मेरी चौखट पे आ. तू. अकेला."

आणि गेला. मीच त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेला. सात टाके पडले. माझ्या सीटवरचा डाग अजून आहे; त्यावर मी कव्हर चढवलेलं नाही.

आता मल्लू मिस्त्री कोणाच्या चौकटीवर जाणारा माणूस नव्हता. सासऱ्याच्या गेला नव्हता. सख्ख्या भावाशी वाद झाला तेव्हा भाऊ मरायला टेकला तरी यानं लिंबाखाली बसून निरोप पाठवला होता, "आधी त्यानं यावं." आणि तो भाऊ खरंच खाटेवरून आला होता. त्यामुळं आता मिस्त्रीपुढं दोनच रस्ते होते. रशीदचा जोड फुटलेला सापडला, तर बावीस वर्षांचा हात कायमचा जाणार. सापडला नाही, तर स्वतःचे पाय घेऊन त्या दारात जायचं. त्याला कुठला हवा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक त्यालाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं नळीचं तोंड बंद केलं, कॉम्प्रेसरनं आत हवा भरली आणि सगळ्या जोडांवर निरम्याचा फेस लावला. गळती असेल तिथं बुडबुडा येतो. तो पाइपाला नाक लावून दोन तास बसला. एक बुडबुडा नाही. गरम झाल्यावर सांधा उघडत असेल म्हणून इंजिन तापवून परत लावला. फेस वाळून कडक झाला, त्याची मिशी पांढरी झाली. बुडबुडा नाही. मिस्त्रीनं कॉम्प्रेसरला लाथ घातली. मग टर्बो उतरवला; पंखा बोटानं फिरवला तर देवळातल्या घंटेसारखा मोकळा. डिझेलचा फिल्टर बदलला. सायलेन्सर कापून आत हात घातला. प्रत्येक भाग निर्दोष निघाला आणि निर्दोष निघाल्याबद्दल मार खात गेला. संध्याकाळपर्यंत गॅरेजची जमीन दिसत नव्हती. मधूनमधून तो समोरच्या जाळीच्या मागं लोंबणाऱ्या एका काळ्या चिंधीला हात पुसत होता आणि पुन्हा वाकत होता.

त्या दिवशी एकदाच तो भिंतीपलीकडून बोलला. "ए सीटकव्हर. टाकं किती?"

"सात."

नंतर बराच वेळ काहीच फेकलं गेलं नाही. मला झोपच येईना, सवय नव्हती.

रात्रीतून त्यानं कापलेला सायलेन्सर सोडून सगळे भाग परत गाडीवर चढवले. तिसऱ्या दिवशी सकाळी रणजित चार पोरं आणि हॉकीच्या काठ्या घेऊन आला. "गाडी न्हाय तर गॅरेज न्हाय," म्हणाला.

मी पुष्कळ मारामाऱ्या पाहिल्या आहेत, पण ती मारामारी रस्त्यावरचे ट्रक थांबवून बघत होते. मिस्त्रीच्या हातात कापलेला सायलेन्सर. पहिल्या पोराचा गुडघा गेला, तो बॅटरीच्या रांगेवर पडला. दुसऱ्याला त्यानं ग्रीसच्या डब्यात कोपरापर्यंत घातला. तिसऱ्याच्या काठीचे तीन तुकडे झाले, त्यातला एक माझ्या काचेत. पण चौथा मागून आला. बावीस वर्षांची सवय. मिस्त्रीनं मागं बघितलंच नाही. मागं रशीद असतो. काठी पाठीत बसली. दुसरी बसली. तिसऱ्या फटक्याला मिस्त्री गुडघ्यावर आला आणि मान वळवून त्या रिकाम्या स्टुलाकडं बघत राहिला. मारणाऱ्याकडं बघायचं सोडून स्टुलाकडं!

गंगाक्कानं जळक्या ऑइलचं पिंप आडवं केलं. पाच गडी एकदम आडवे. उठायला जावं तर परत आडवे. त्या ऑइलात सगळेच लोळत असताना ती उंबऱ्यातून म्हणाली, "साकु."

ओठ फुटलेला मिस्त्री सरपटत गाडीपाशी गेला, बंपर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "रणजित, स्टेरिंग धर."

"आता?"

"आता. उबी असली की गाडी निरोगी. पळताना मरतीया. मग पळतानाच बगनार. ए सीटकव्हर, तुजं सीटबेल्ट आन. सगळं आन."

मी आठ आणले. बॉनेट काढलं होतं. मिस्त्री इंजिनावर पालथा झोपला, तोंड पुढं जाळीकडं, पोटाखाली पोतं. मी त्याला आठ पट्ट्यांनी बांधला. गंगाक्का तोंडाला पदर लावून आत गेली. मला मात्र मागच्या सीटवर बसवलं. का, ते मी विचारलं नाही.

कुंभारीच्या पुढं रस्ता मोकळा. पहिला गेर, दुसरा, तिसरा. पुढं मिस्त्रीची पाठ थडथडत होती, शर्ट फुगून तंबू झाला होता. शेळ्या रस्ता सोडून शेतात. एक म्हातारा धनगर हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं मयत चाललंय. रणजितनं चौथा टाकला आणि पाय दाबला. गाडी उसळली. मी सीटमध्ये रुतलो. आणि मग एकदम, कुणी गळा दाबावा तशी ती गुदमरली. मागं काळा लोट. पुढून मिस्त्रीचा आवाज आला. इंजिन, वारा, सगळ्यावर चढून:

"धरलं रं! नरडं धरलं!"

रणजितनं ब्रेक मारला. मिस्त्रीच्या दातांत दोन माश्या होत्या. मिशी मागं वळून कानाला लागली होती. त्यानं जाळीच्या मागं हात घातला आणि ती काळी चिंधी ओढली. सुटेना. दातानं तोडली. झटकली. काजळीच्या आत हिरवं दिसलं. मग लाल जरीचा काठ दिसला.

चिंधी नव्हती. तुळजापूरच्या आईचा खण होता. जाळीला मागून पक्का शिवून बांधलेला. गाडी उभी असली की तो नुसता लोंबायचा. गाडी पळायला लागली की उघड्या नरड्याची ओढ वाढायची आणि खण गपकन तोंडावर जाऊन बसायचा. पाय काढला की परत सुटायचा. आदल्या दिवशी दिवसभर मिस्त्री ज्याला हात पुसत होता तोच रोग होता.

मी खणाकडं बघितलं नाही. मी दोरा बघितला. निळा, जाड, सीट शिवायचा नायलॉनचा. सोलापुरात तो माझ्याकडंच मिळायचा. मी शांतपणे दोन पावलं मागं सरकलो.

गॅरेजात परत आलो. मिस्त्रीनं खण गंगाक्कासमोर धरला.

"ह्यो कुनी बांदला?"

ती जराही हलली नाही. "मीच. ह्याच गाडीला न्हाय, धा वर्सं झाली, हितनं जाईल त्या परत्येक गाडीला बांदतीय."

"का?"

"तुमी शिव्या दिऊन, मारून, रागानं गाडी करता. आन ती असली पळतीया. कुनाचं लेकरू मेलं तर तळतळाट कुनाला लागंल? आईला सांगून ठिवत हुते, की ह्यांच्या हाताचं पाप गाडीवर जाऊ दिऊ नको."

बाकीच्या गाड्यांचं नरडं आत, डब्यात असतं. तिथं खणानं काही बिघडत नाही. ह्या एकाच गाडीचं मिस्त्रीनं स्वतः बाहेर आणून ठेवलं होतं. जोड रशीदचा, नरडं मल्लूचं, खण गंगाक्काचा. आणि टाके रशीदच्या भुवईवर.

आम्ही सगळे फळीकडं बघत होतो. रणजितची पोरंसुद्धा दारात सरकली. पण मिस्त्रीनं काही फेकलं नाही. त्यानं खण निरम्यानं धुतला, तारेवर वाळत घातला. मग हात धुतले. मग फळीवरचा एक पाना घेऊन रस्त्यावर उतरला आणि चालू लागला.

मे महिन्याची दुपार. सोलापूरच्या त्या उन्हात डांबर चपलेला चिकटून चप्पल मागं राहते आणि माणूस पुढं जातो. रशीदभाईचं घर कुंभारीच्या कामगार वसाहतीत, पायी अर्धा तास. मी स्कूटरवरून, पाय घासत, शंभर पावलं मागं. माझा संबंध नव्हता. पण असली गोष्ट दुसऱ्या कुणी आधी सांगितली असती तर मला जन्मभर झोप आली नसती.

रशीदभाई दारातच बसला होता. भुवईवर पट्टी, डोळा सुजून बंद. मिस्त्री चौकटीपाशी थांबला, खाली बसला, पाना उंबऱ्यावर ठेवला.

"जोड चांगला हाय," म्हणाला. "मार."

रशीदभाईनं पाना उचलला. उघडा डोळाही मिटला. उंबऱ्याच्या दगडावर पाना एकदा हलकेच आपटला. टण.

"ये सोला-सतरा है."

मिस्त्रीनं मान वळवून रस्त्याकडं बघितलं.

"मेरे कू अठरा-उन्नीस मारा था तू."

मिस्त्रीच्या मानेची शीर फुगली. मी स्कूटर चालू करून ठेवली. ती शीर कानापर्यंत चढली, तिथं थोडा वेळ थांबली, आणि उतरली. "व्हय," तो म्हणाला. उठला. आणि त्या उन्हात अर्धा तास परत गेला. मी म्हटलं, मागं बसा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की स्कूटर आपोआप बंद पडली.

तासाभरानं तो पुन्हा त्या वळणावर दिसला. अठरा-एकोणीसचा दोन्ही हातांवर आडवा धरलेला, ताट धरतात तसा. टाळूपर्यंत लाल झालेला, ओठाचं रक्त वाळलेलं. चौकटीवर बसला. पाना ठेवला. मान खाली घातली.

रशीदभाईनं आपटून बघितला. टण. मान हलवली. पाना उजव्या हातात घेऊन वर उचलला. मी डोळे मिटले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आवाज आला तो लोखंडाचा नव्हता. डाव्या हाताची थोबाडीत होती ती. बावीस वर्षं गॅसची टॉर्च धरलेल्या माणसाची. शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती माझ्या मते अजून उतरलेली नाहीत. मिस्त्रीच्या गालावर चार बोटं पिवळ्या रंगानं काढावीत तशी उठली.

"पाना मेरे पास रहेगा," रशीदभाई म्हणाला. पाना त्यानं कमरेला खोचला. "अंदर आ. चाय पी. नक्को बोल्या तो दुसरा गाल है तेरा."

मिस्त्री आत गेला. दार लागलं. मला कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई स्टुलावर होता. रणजित गाडी घेऊन गेला आणि बार्शीच्या त्या पोराला त्यानं इतकं मागं टाकलं, की तो पोरगा म्हणे अजून हायवेनं येतोच आहे. गंगाक्का त्यानंतर खण गाडीच्या आत, आरशाच्या मागं बांधायला लागली, मिस्त्रीला दाखवून. आणि आठवड्यानं मिस्त्री माझ्या दुकानात निळ्या दोऱ्याचं रीळ हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. "तिला दोरा कुनी दिला?" म्हणाला. ती तिसरी वेळ. बारा-तेरा.

गेल्या साली मी दुकान मुलाकडं बार्शीला हलवलं. टेम्पोत सामान चढवून झालं, रामराम करायला गॅरेजात डोकावलो. मिस्त्री एका गाडीखाली उताणा. बाहेर दिसत होते ते दोन पाय आणि एक हात. फळीवर सगळे पाने जागेवर होते. एकच जागा रिकामी. पिवळी सावली तेवढी.

"रशीद," गाडीखालून आवाज आला. "अठरा-एकोनीस दे."

रशीदभाई स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होता. पाना त्याच्या कमरेला. त्यानं बशीवर फुंकर घातली. एक घोट घेतला. माझ्याकडं बघितलं, डोळा मिचकावला. भुवईवरची सात टाक्यांची रेघ वर गेली.

टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी निघालो तेव्हाही रशीदभाईचा चहा अर्धाच झाला होता. आणि गाडीखालून बाहेर आलेला तो हात, पंजा उघडा, तसाच थांबलेला होता.